रिकामा जिना, उघडं दार : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात 'नोस्फेराटू' या 1922 सालच्या जर्मन मूकपटावर लिहिलं होतं. तरणा हुटर घराच्या व्यवहारासाठी दूरच्या डोंगरातल्या किल्ल्यात जातो, तिथला काउंट ओरलॉक रक्तपिपासू निघतो आणि त्याच्या मागोमाग त्याच्या गावात येऊन पोचतो, एवढीच त्याची गोष्ट. त्यावर खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर आणि बेळगाव शहरातून पत्रं आली. बहुतेकांनी भुताबद्दल विचारलंच नाही, भुताच्या आजूबाजूच्या जागांबद्दल विचारलं. मला याचा मनापासून आनंद झाला. माझं आयुष्य बेळगावच्या थेटरांत ऑपरेटर म्हणून गेलं, फिल्म सोसायटीचं 16 एमएमचं मशीनही मीच चालवायचो. तेव्हा खाली जे लिहिलंय ते बरंचसं केबिनच्या भोकातून बघितलेलं आहे.

प्रश्न : काका, तुमचं वाचून मी 'नोस्फेराटू' मोबाइलवर बघितला. मैत्रिणी त्या काउंटचे कान आणि नखं बघून हसत सुटल्या. मलाही त्याची भीती वाटली नाही. पण तो पूल, किल्ल्याचं अंगण, शेवटचा जिना, जिथं कुणीच नाही तिथं माझ्या पोटात गोळा आला. मी लोंढ्याहून बेळगावला कॉलेजला पॅसेंजरने ये-जा करते. आता पावसात संध्याकाळी गाडी निघून गेली आणि प्लॅटफॉर्म रिकामा झाला की तसंच वाटतं. काहीच नसलेल्या जागेची भीती का वाटावी?
– एक विद्यार्थिनी, लोंढा

उत्तर : बाळ, मैत्रिणी हसल्या म्हणून त्यांना नावं ठेवू नकोस. शंभर वर्षांत त्या चेहऱ्याच्या इतक्या नकला झाल्या की आता तो ओळखीचा झालाय. पण तुला जे जाणवलं तेच दिग्दर्शक मुर्नाव याला हवं होतं. त्याने भीती चेहऱ्यात ठेवलेलीच नाही, वाटेत ठेवली आहे.

तो भाग पुन्हा एकदा सावकाश बघ. खिंडीपाशी आल्यावर घोडागाडीवाले सांगतात, आम्ही पुढे येणार नाही. हुटर उतरतो, आपलं सामान उचलतो आणि पायी निघतो. समोर एक साधा पूल आहे. तो ओलांडतो. फ्रेंच आवृत्तीत इथे पडद्यावर मजकुराची एक पाटी येते : पूल ओलांडताच भुतं त्याला सामोरी आली. पॅरिसच्या आंद्रे ब्रेतों या कवीला आणि त्याच्या मित्रांना या पाटीने वेड लावलं होतं. पण पाटी वाचून तू पुढे बघतेस तेव्हा भुतं कुठे असतात? तोंड झाकलेला एक गाडीवान येतो. गाडी विचित्र झपाट्याने पळते, कारण कॅमेरा त्या काळी हाताने फिरवायचे आणि हळू फिरवला की पडद्यावर हालचाल भरभर होते. मग क्षणभर झाडं पांढरी आणि आभाळ काळं होतं, कारण तेवढा तुकडा निगेटिव्ह म्हणूनच दाखवलाय. मग किल्ल्याचं दार आपोआप उघडतं. अंगण रिकामं. समोर काळी कमान, आणि त्या काळोखातून ओरलॉक चालत येतो. इतक्या वेळात भयानक असं काहीसुद्धा घडलेलं नाही. एक माणूस गाडीत बसून मुक्कामाला पोचलाय, बस्स.

रात्रीचा दाराचा प्रसंगही तसाच. हुटर खोलीचं दार किलकिलं करून बघतो, लांब दालनाच्या पलीकडच्या टोकाला तो उभा आहे. दार लावून घेतो. ते दार कुणी हात न लावता उघडतं, आणि त्या उंच निमुळत्या कमानीत ओरलॉक असा बरोबर बसतो की जणू ती चौकट त्याच्याच मापाची करून घेतलीय. आणि शेवटी जिना. तिथे तर माणूसही नाही, नुसती सावली वर चढते. लांब बोटांची सावली दाराकडे सरकते.

बघ, प्रत्येक वेळी तो कुठे आहे? पुलापलीकडे, दारात, जिन्यावर. म्हणजे जिथे कुणी राहत नाही, फक्त ओलांडून जातात, अशा ठिकाणी. 1909 साली फान जेनेप नावाच्या अभ्यासकाने जगभरचे विधी तपासून मांडलं की जन्म, लग्न, मरण असल्या प्रसंगांत माणूस जुनी जागा सोडतो, मग काही काळ मधेच असतो आणि मग नव्या जागी पोचतो. त्या मधल्या काळात सगळे समाज त्याला जपतात आणि बिचकतातही. आपल्याकडे हे सांगायला पुस्तक लागत नाही. तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसलीस तर आजी ओरडते. नवी नवरी माप ओलांडूनच आत येते. तिकटीवर दहीभात आणि लिंबू दिसलं तर आपण वळसा घालून जातो. आणि तिरडी स्मशानाच्या वाटेवर मधे एकदा खाली ठेवतात, तो विसावा. माझ्या गावाकडे विसाव्याचा दगड होता. दिवसा त्यावर गुराखी पोरं बसायची, पण दिवे लागल्यावर मोठी माणसंसुद्धा त्या बाजूने जाताना बोलायची थांबायची. दगड तोच, बाजूचं शेत तेच. पण गेलेला माणूस तिथे ना घरचा असतो ना मसणातला, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

तुझ्या प्लॅटफॉर्मचंही तेच आहे. माणसं, चहावाला, सामान, पोरांची रडारड असते तेव्हा त्या जागेला अर्थ असतो. गाडी गेली की बाकडी, घड्याळ, दिवे, लोखंडी जिना, सगळं माणसांसाठी मांडलेलं तसंच राहतं आणि माणूस एकही नाही. कुणाची तरी वाट बघणारी जागा होते ती. लोंढ्याला तर आणखी एक गोष्ट आहे. तिथून एक फाटा कॅसलरॉकवरून गोव्याकडे उतरतो. गोवा पोर्तुगिजांकडे होता तेव्हा कॅसलरॉक हे हद्दीवरचं स्टेशन होतं, त्यापुढे दुसरं राज्य. हद्दीजवळच्या माणसांना ही ना-इथली-ना-तिथली अवस्था जरा जास्तच कळते असं मला वाटतं, आणि आपण बेळगावकडची माणसं त्यात मोडतो.

एक फार महत्त्वाचं राहिलं. मुर्नावने बाहेरची दृश्यं बऱ्याच अंशी खऱ्या जागांवर घेतली. गाव म्हणजे व्हिस्मार आणि ल्यूबेक ही उत्तर जर्मनीतली बंदराची शहरं. ओरलॉक ज्या पडक्या घरात राहायला येतो ती ल्यूबेकची मिठाची जुनी विटांची कोठारं आहेत. किल्ला स्लोव्हाकियातल्या ओराव्हाचा. दोनच वर्षं आधी, 1920 साली, 'डॉ. कालिगारी' आला होता. त्यात रस्ते, घरं, जिने सगळं कापडावर रंगवलेलं, सावल्यासुद्धा रंगाने काढलेल्या. तोही थोर सिनेमा आहे, त्यातला झोपेत चालणारा सीझर भिंतीला घासत जातो ते मी कधी विसरणार नाही. पण माझं मत स्पष्ट आहे : कालिगारीचं गाव बघताक्षणी कळतं की हे वेड्याचं जग आहे, आपलं नव्हे. मुर्नावच्या गावात मिठाची पोती ठेवायचे. तिथल्या गल्लीतून आपली शवपेटी घेऊन ओरलॉक निघाला की आपल्या गल्लीपर्यंत यायला त्याला काही अडचण नसते. म्हणूनच तुझी भीती मोबाइल बंद केल्यावर लोंढ्यापर्यंत आली.

भीती वाटते यात कमीपणा मानू नकोस. पण संध्याकाळी एकटी असशील तेव्हा स्टेशन मास्तरांच्या ऑफिससमोरच्या बाकावर बसत जा. तेवढं या काकाचं ऐक.

प्रश्न : 'नोस्फेराटू' मध्ये एक मोठी गफलत आहे. उन्हाने पिशाच मरतं असं शेवटी दाखवलंय, आणि आधी मात्र तो भर उन्हात पेटी खांद्याशी घेऊन रस्त्याने चालतो. हे दिग्दर्शकाच्या लक्षात आलं नाही का?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आलं होतं. तुम्ही बघितली ती प्रत नुसती काळी-पांढरी असणार. त्या काळची फिल्म इतकी मंद होती की उघड्यावर रात्री चित्रण करणं अवघड. म्हणून दिवसा चित्रण करायचे आणि प्रिंट रंगाच्या पाण्यातून काढायचे. निळी छटा म्हणजे रात्र, पिवळट म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. 1922 चा प्रेक्षक निळं बघून रात्र समजायचा. पुढे प्रतींवरून प्रती निघाल्या त्यात रंग गेले आणि बिचारा ओरलॉक उन्हात आला.

आमच्या सोसायटीत आली तीही अशीच रंग गेलेली 16 एमएम प्रिंट होती. पेटीच्या प्रसंगाला हॉलमध्ये हशा पिकला. ते मला फार लागलं. दुसऱ्या खेळाला नाटकाच्या लाइटवाल्याकडून निळा जिलेटिन कागद आणला, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवला आणि रात्रीचे प्रसंग आले की लेन्सपुढे धरत गेलो. उजेड थोडा कमी झाला, पण कुणी हसलं नाही. रस्ता तोच, चालणं तेच. आता रंग परत आणलेल्या प्रती मिळतात. पॅरिसच्या सिनेमा संग्रहालयात रंग दिलेली एक जुनी प्रत होती, तिच्या आधाराने हे काम झालं. बघायचा तर तसाच बघा.

प्रश्न : हा सिनेमा कोर्टाने जाळायला लावला होता, हे खरं का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : खरं. 'ड्रॅक्युला' कादंबरीची गोष्ट परवानगी न घेता उचलली होती, नावं तेवढी बदलली. लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला. 1925 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. निर्मिती कंपनीचं दिवाळं त्याआधीच वाजलं होतं. पण काही प्रती परदेशी गेलेल्या होत्या, त्या वाचल्या.

प्रश्न : सर, इंटरनेटवर रिकामे कॉरिडॉर, बंद पडलेले मॉल, पिवळट भिंतींच्या ओसाड खोल्या असे फोटो फिरतात, त्यांना 'लिमिनल स्पेस' म्हणतात. जुन्या सिनेमातली भीती तीच का? दुसरं, आम्ही तीन-चार मित्र निपाणीतल्या एका बंद तंबाखूच्या वखारीत मोबाइलवर छोटी फिल्म करतोय. भूत दाखवायला पैसे नाहीत. काय करावं?
– एक तरुण, निपाणी

उत्तर : नातं आहे, पण एक नव्हे. फोटोत कुणाला कुठे जायचं नसतं. आपण बघतो, अंगावर शहारा येतो, पुढच्या फोटोकडे वळतो. सिनेमात त्या कॉरिडॉरमधून कुणाला तरी चालत जावंच लागतं, आणि त्याला पलीकडे पोचायला लागणारा वेळ आपल्यालाही काढावा लागतो. 1927 सालच्या 'द कॅट अँड द कॅनरी' मध्ये एक लांब कॉरिडॉर आहे. एका बाजूने उंच खिडक्या, त्यांचे पांढरे पडदे वाऱ्याने आत फुगतात आणि घर सांभाळणारी बाई त्यातून चालत येते. पाउल लेनी हा दिग्दर्शकही मूळचा जर्मन, हॉलिवूडला गेलेला. त्या दृश्यात पडद्यांशिवाय काही नाही, तरी ती इकडे पोचेपर्यंत आपण श्वास धरून बसतो. तेव्हा पहिला सल्ला हाच : तुमच्या वखारीत कुणाला तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं काम द्या, आणि ते चालणं कापू नका.

भुताला पैसे नाहीत हे उत्तम झालं. कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा : आपण साध्या खोलीत बसलोय. कुणी येऊन सांगतं की त्या दाराआड प्रेत आहे. त्याच क्षणी खोली पालटते. टेबल तेच, दिवा तोच, पण आपलं बघणं पालटलेलं असतं. त्याचा 'वाम्पीर' 1932 साली आला आणि तो तुम्ही मित्रांनी वखारीत पाऊल टाकण्याआधी बघायलाच हवा. पॅरिसपासून दूर कूर्तांपिएर या खेड्यात आणि आसपास, मोडकळीला आलेल्या खऱ्या जागा शोधून त्याने तो केला. नायक म्हणजे एक हौशी बॅरन, पैसेही त्याचेच. एका प्रसंगात नायक खाणावळीच्या खोलीत निजलेला असतो. दाराला आतून कुलूप. कुलपातली किल्ली आपोआप फिरते. एक म्हातारा आत येतो, दोन शब्द बोलतो, पुडकं ठेवतो, त्यावर लिहितो की माझ्या मरणानंतर उघडावं, आणि जातो. ती किल्ली फिरवायला काय खर्च आला असेल? पुढे एका लंगड्या शिपायाची सावली त्याला सोडून फिरून येते आणि बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसते. आणखी पुढे नायक स्वतःलाच शवपेटीत बघतो. पेटीच्या झाकणाला काचेची छोटी खिडकी, आणि कॅमेरा आत. छत, मग झाडांचे शेंडे, देवळाचा मनोरा, सगळं डोक्यावरून मागे मागे जातं. आपल्याला खांद्यावरून नेताहेत. मी वर विसाव्याबद्दल लिहिलं ते लिहिताना हाच प्रसंग डोळ्यांपुढे होता.

आता तुमच्या वखारीपुरतं. निपाणीच्या वखारी मी बघितल्यात. उंच भिंती, कौलारू छप्पर, मधे मधे काचेचं कौल आणि त्यातून उतरणारी उन्हाची तिरीप. दार उघडलं की वर्षांनुवर्षं मुरलेल्या तंबाखूचा खाट नाकात जातो, डोळ्यांत पाणी येतं. तो वास पडद्यावर येत नाही, पण माणसाचा ठसका येतो. आत शिरणाऱ्याला एकदा ठसका लागू द्या आणि तो घुमू द्या. बाकी आवाज तोंडाने किंवा संगीताने भरू नका. रिकाम्या वखारीचा स्वतःचा आवाज असतो : कौलांवर कबुतरं, पत्र्याचं दार, बाहेरून जाणारा ट्रॅक्टर. तो वेगळा रेकॉर्ड करून घ्या आणि हवा तिथेच वापरा. ड्रायरनेही चित्रण बहुतेक आवाजाशिवाय केलं आणि आवाज मागून जोडला. त्यामुळे त्याच्या सिनेमात माणसं बोलतात तेव्हा आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटतो.

मोबाइल तिपाईवर ठेवा. उजेडाचं माप एकदा लॉक करा, नाही तर मोबाइल अंधाराला आपोआप उजळत बसतो आणि सगळी मेहनत जाते. ड्रायरने कॅमेऱ्यापुढे तलम जाळीचं कापड धरून चित्र धुकट केलं. तुम्ही जुन्या मलमलीचा तुकडा लेन्सपासून हातभर लांब धरून बघा, काचेच्या कौलातला उजेड सगळीकडे पसरल्यासारखा होईल. धूर करू नका. सुकलेला पाला, पोती, बारदान काय काय पडलेलं असतं तिथे, आग लागायला वेळ लागत नाही. सावली हवी असेल तर एकच दिवा लावा आणि सावलीचा माणूस वेगळा ठेवा. ज्याची सावली दिसते तो भिंतीआड, आणि दिसणारा माणूस स्वस्थ बसलेला. दार दाखवायचं तर माणूस यायच्या आधी बराच वेळ नुसतं दार दाखवा. आणि प्रेक्षक दाराकडे बघत असताना काहीही आत आणू नका.

शेवटचं मी कळकळीने सांगतो. ही वखार भुतामुळे रिकामी झालेली नाही. तिथे तंबाखू निवडत, चाळत बायकांनी आयुष्यं काढली, त्यांच्या बसायच्या जागा जमिनीवर अजून दिसतात, एवढी फरशी गुळगुळीत झालीय. काट्याचा हुक तुळईला लटकत असेल, भिंतीवर खडूने मांडलेला हिशेब असेल. ते आधी नीट बघा, हात लावून बघा. त्या हुकाखाली तुमचा माणूस थांबला की प्रेक्षकाला जे वाटेल ते कुठल्याही मुखवट्याने वाटणार नाही. आणि तिथे काम केलेली एखादी मावशी गल्लीत असेलच. चित्रण करण्याआधी तिला आत घेऊन जा आणि ती कुठे कुठे बघते ते लक्षात ठेवा.

प्रश्न : आपल्या लेखांतून कायम जर्मन, स्वीडिश असले चित्रपट येतात. आपल्या देशात अशा जागांचा सिनेमा झालाच नाही का? की ही भीतीच परकी आहे?
– एक निवृत्त शिक्षक, चिकोडी

उत्तर : गुरुजी, भीती परकी नाही हे आपल्याला मी काय सांगावं. हिरण्यकशिपूचा वध आत नाही, बाहेर नाही, उंबऱ्यावर झाला. दिवसा नाही, रात्री नाही, तिन्हीसांजेला. वर्गात ही गोष्ट आपण किती पिढ्यांना सांगितली असेल.

आणि सिनेमा झालाय. 1949 चा 'महल', बॉम्बे टॉकीजचा, दिग्दर्शक कमाल अमरोही. वादळी रात्री नायक एका जुन्या वाड्यात पाऊल ठेवतो आणि तिथल्या माळ्याकडून वाड्याच्या आधीच्या मालकाची गोष्ट ऐकतो. मग कमानी, झोपाळा, हातात दिवा घेऊन जाणारी मधुबाला, आणि तिच्या मागे खोल्याखोल्यांतून फिरणारा अशोककुमार. ती दरवेळी पुढच्या दारात असते. शेवटी उलगडा काय होतो ते आपल्याला ठाऊक असेल. पण तोवर आपण त्या वाड्यातून जे फिरतो ते खरं. या सिनेमाचा कॅमेरा योसेफ व्हिर्शिंग यांचा. ते म्युनिकच्या स्टुडिओतून तयार होऊन 1925 च्या 'प्रेमसंन्यास' साठी हिंदुस्थानात आले होते, पुढे बॉम्बे टॉकीजचे झाले. म्हणजे काळोखात दिवा कुठे ठेवायचा हे ज्या जर्मनीत 1920 च्या आसपास एवढं घोटलं गेलं, तिथलाच माणूस आपल्या वाड्यात काम करत होता.

'आएगा आनेवाला' बद्दल लताबाई सांगायच्या की माइक खोलीच्या मधे ठेवला होता आणि सुरुवातीच्या ओळी गात गात त्या कोपऱ्यातून माइककडे चालत आल्या. खेमचंद प्रकाश यांचं संगीत. मी 'महल' मॅटिनीला चालवलाय. पडद्यामागे एकच स्पीकर, तोही जुना, आणि तरीही तो आवाज थेटरच्या मागच्या दारातून आत येतोय असं वाटून माणसं वळून बघायची. केबिनमधून मला पडदा दिसायचा तशा वळलेल्या माना पण दिसायच्या. बाई दिसायच्या आधी तिचं अंतर ऐकू येतं, असा प्रसंग मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात ऐकलेला नाही.

प्रश्न : मूकपटातली माणसं तुरुतुरु का चालतात? भीतीचा सगळा विचका होतो.
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : माणसं नीटच चालायची, आपण चुकीच्या वेगाने बघतो. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण 16 ते 18, कधी 20 चित्रं घेत. बोलपट आल्यावर 24 हा वेग ठरला आणि मशीनं तशीच बनली. 18 ने घेतलेलं 24 ने चालवलं तर तासाचं काम पाऊण तासात उरकतं. रिकाम्या दारापुढचा प्रत्येक क्षण चतुर्थांशाने आखडतो, आणि या सिनेमांचा सगळा जीव तर त्या क्षणांत. इंटरनेटवर एकाच सिनेमाच्या चार प्रती असतील तर जिची लांबी जास्त तिच्याकडे आधी बघा.

वेगाचं इतकं महत्त्व का, याचं एक उदाहरण देतो. 1921 च्या पहिल्या दिवशी स्वीडनमध्ये व्हिक्टर शोस्ट्रॉमचा 'मृत्यूची गाडी' प्रदर्शित झाला. वर्षाच्या शेवटच्या ठोक्याला जो मरेल त्याने वर्षभर मृत्यूची घोडागाडी हाकायची, अशी त्यातली समजूत. गाडी पारदर्शक दिसते, आरपार मागचं झाड दिसतं, समुद्रावरूनही जाते. हे करायला एकदा चित्रण झालेली फिल्म मागे गुंडाळून तिच्यावरच दुसरं चित्रण करावं लागे. कॅमेरामन यूलियस येन्सॉनला दोन्ही वेळा हँडल त्याच लयीत फिरवावं लागलं, नाही तर गाडी रस्ता सोडून घसरल्यासारखी दिसली असती. ज्या माणसाने मनगटात एवढी लय सांभाळली त्याचं काम आपण घाईने बघू नये.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा भुताचा जुना सिनेमा दाखव म्हणून हट्ट धरून बसलाय. दाखवू का?
– एक आई, अनगोळ, बेळगाव

उत्तर : दाखवा, वहिनी, पण सुरुवात मेलिएसपासून करा. 1896 साली फ्रान्समध्ये त्याने तीनेक मिनिटांचा एक भुताटकीचा खेळ केला. वटवाघूळ येतं, त्याचा सैतान होतो, माणसं गायब होतात, सांगाडा येतो. पोरगं हसेल आणि लगेच विचारेल, हे कसं केलं? मोबाइल तिपाईवर ठेवा, त्याला समोर उभं करा, चित्रण थांबवा, त्याला बाजूला घ्या, परत सुरू करा. त्याला कळेल. त्यानंतर 'नोस्फेराटू' दुपारी, सगळ्यांनी मिळून, निळ्या-पिवळ्या रंगाच्या प्रतीत. 'वाम्पीर' आणखी पाच-सहा वर्षं ठेवून द्या. आणि शेवटचा जिन्याचा भाग तुम्ही आधी एकट्या बघा, तुमच्या घराला जिना असेल तर विशेष, आणि मग ठरवा.